खुर्चीत बसलं म्हणजे चालणं संपलं का?

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कापून देते.

"ताई, मी ५१ वर्षांची, बँकेत नोकरी. दीड वर्षाची असताना उजव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा आणि बुटाचा सांगाडा). शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, दोन मुलं, सगळं याच पायावर केलं, कधी कुणाचा हात धरला नाही. पण गेली तीन-चार वर्षं फार लवकर दमते, चांगला पाय पण दुखतो, वर्षभरात दोनदा पडले. दिवाळीत सगळे जोतिबाला गेलो तर मी गाडीतच बसले, अडीच तास सगळ्यांच्या चपला आणि पर्सा राखत. आता मे महिन्यात दीर, जाऊबाई, नणंद असे आम्ही नऊ जण गणपतीपुळ्याला चाललोय. मुलगी म्हणते व्हीलचेअर घेऊ. मी म्हणलं अजून एवढी वाईट वेळ आली नाही माझ्यावर. ती रडायलाच लागली. मला वाटतं मी घरीच थांबावं, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. काय करू?"

ताई, ती गाडी मला माहितीये. काच अर्धी खाली, ऊन हळूहळू मांडीवर सरकतंय, येणारे जाणारे डोकावून बघतायत, आणि आपण मोबाईलवर फार महत्त्वाचं काहीतरी चाललंय असं दाखवतोय. माझा पोलिओ डाव्या पायाचा, वय ५८, आणि अशा पार्किंगमध्ये मी किती तास काढलेत त्याचा हिशोब लावला तर एखादी डिग्री घेऊन झाली असती. आणि "तुम्ही जाऊन या, मला तसंही काही बघायचं नव्हतं" हे वाक्य तर मी इतक्या वेळा बोललेय की घरच्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

आधी तब्येतीचं, कारण पत्रात ते तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि मला तेच सगळ्यात जास्त टोचलं. लवकर दमणं, चांगला पाय दुखणं, अचानक पडणं, याला नुसतं "वय झालं" म्हणून सोडू नका. लहानपणी पोलिओ झालेल्या बऱ्याच लोकांना पंधरा-वीस काय, चाळीस वर्षांनी सुद्धा नव्याने अशक्तपणा येतो, त्याला पोस्ट पोलिओ म्हणतात. व्हायरस परत येत नाही, घाबरू नका, कुणाला लागत पण नाही. होतं असं की त्या वेळी ज्या नसांच्या पेशी वाचल्या त्यांनी मेलेल्यांचं काम पण अंगावर घेतलं, म्हणजे ऑफिसात चार जण सोडून गेले आणि एकच क्लार्क पाच टेबलं सांभाळतोय तसं, आणि तो पन्नास वर्षं सांभाळत राहिला की एक दिवस तो पण थकतोच. भारतात पोलिओची शेवटची केस २०११ ची, २०१४ ला आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो, त्यामुळे आत्ताच्या कितीतरी तरुण डॉक्टरांनी पोलिओचा पेशंट जवळून बघितलेलाच नसतो, तेव्हा "मला लहानपणी पोलिओ झालाय आणि आता नवीन अशक्तपणा आलाय" हे तुम्ही स्वतः स्पष्ट सांगा. न्यूरोलॉजिस्ट किंवा रिहॅबिलिटेशनचे डॉक्टर बघा, मिरज तुमच्या शेजारी आहे. मुंबईला कधी गेलात तर हाजीअलीची 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' ही सरकारी संस्था १९५५ पासून हेच काम करते. थायरॉईड, बी १२, हिमोग्लोबिन हे पण बघून घ्या, कारण दमण्याचं कारण कधीकधी तिथेच असतं. आणि कुणी "रोज जास्त चाला म्हणजे ताकद येईल" म्हणालं तर आपल्या केसमध्ये ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात ऐकू नका, दमेपर्यंत व्यायाम केला की आपलं उलटं होऊ शकतं.

आता व्हीलचेअर. तुमच्या डोक्यात हिशोब असा आहे की आधी कॅलिपर, मग काठी, मग कुबड्या, मग खुर्ची, आणि मग... म्हणजे खाली खाली जाणारा जिना आणि खुर्ची त्याची शेवटून दुसरी पायरी. माझ्या डोक्यात पण हेच होतं. अहो पण खुर्चीत बसणारी माणसं उठून चालतात पण! बसलात म्हणून कुणी तुमचं कॅलिपर काढून घेणार नाहीये. तुमच्याकडे दिवसाला समजा हजार पावलं आहेत (आकडा माझा, तुमचा तुम्हाला माहीत), त्यातली सहाशे पार्किंगपासून गेटपर्यंत आणि गेटपासून तिकिटाच्या रांगेपर्यंत गेली तर आत बघायला उरलं काय? ती सहाशे खुर्चीवर ढकलायची आणि उरलेली पाण्यापाशी उभं राहायला ठेवायची. पगार जपून वापरतो तशी पावलं वापरायची, बँकेतल्या बाईला मी अजून काय सांगू.

मी पहिल्यांदा बसले ती काही हौसेनं नाही. एका मोठ्या प्रदर्शनाला गेलो होतो, हॉल एवढा लांब की दुसरं टोक दिसेना, आणि दारातच माझा चेहरा बघून भाच्याने काही न विचारता तिथली खुर्ची आणून पुढ्यात उभी केली. मी चिडले, त्याच्यावर डाफरले, आणि बसले कारण खरंच दुसरा इलाज नव्हता. पहिली दहा मिनिटं मान खाली, वाटतंय सगळा हॉल माझ्याकडेच बघतोय. मग एका स्टॉलवर पैठण्या टांगल्या होत्या, वरपर्यंत, आणि मी त्या बघत होते. बघत होते! तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय ते. आपण चालतो तेव्हा बघतो कुठे? फरशीकडे. ओली आहे का, चटई दुमडलीये का, कुणाची चप्पल आडवी पडलीये का, उंबरा किती उंच. मी ताजमहालला जाऊन आलेय आणि मला तिथल्या फरशीचे दगड जास्त आठवतात. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी मान वर करून फिरले, भाच्याशी गप्पा मारल्या, दोन साड्या घेतल्या ज्यांची काही गरज नव्हती, आणि घरी आल्यावर स्वयंपाक करण्याइतका जीव अंगात शिल्लक होता. भाच्याला सॉरी मात्र मी अजून म्हणलेली नाही.

तर मुलीला सांगा, विकत लगेच घेऊ नका. सर्जिकलच्या दुकानात महिन्याच्या भाड्याने मिळते, एक महिना वापरा, मग ठरवा. दुकानात गेलात की तो सगळ्यात आधी लोखंडी घडीची दाखवेल, स्वस्त असते पण १८ किलोच्या आसपास भरते, आणि ती डिकीत रोज चढवणार तुमची मुलगी किंवा मिस्टर, त्यांची कंबर गेली की मग दोन खुर्च्या लागतील. ॲल्युमिनियमची १२-१३ किलोपर्यंत मिळते. सीटची रुंदी बसून बघा, कॅलिपर घालूनच बसा बरं का, दोन्ही बाजूला बोटं जातील एवढीच जागा हवी, ऐसपैस घेतली तर अंग एका बाजूला कलतं आणि खुर्ची दारातून जात नाही ते वेगळंच. मागची चाकं मोठी असलेली घ्या, छोट्या चारही चाकांची हलकी येते ती मॉलच्या फरशीवर छान, आपल्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात रुसते. आणि बसताना कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक सोडायला विसरू नका नाहीतर पाय तोफेसारखा समोर, येणाऱ्या जाणाऱ्याच्या पोटरीवर नेम. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर पाय ठेवायची पट्टी वर उचलता येते ती खुर्ची मागा.

ढकलणाऱ्यांना घरीच अर्धा तास ट्रेनिंग द्या, कॉलनीच्या रस्त्यावर. उतारावर खुर्ची उलटी करून उतरवायची, म्हणजे ढकलणारा आधी, तुमची पाठ उताराकडे. पायरी आली की मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची. उठता बसताना दोन्ही ब्रेक, आणि पाय ठेवायच्या पट्टीवर उभं राहून उठायचं नाही, खुर्ची तोंडावर येते, मी आपटलेय. आणि एक नियम पक्का करा की न विचारता हलवायचं नाही. आपण काहीतरी बघत असतो आणि अचानक चित्र सरकायला लागतं, त्या वेळी जो राग येतो ना तो सांगून समजत नाही. मिस्टरांना एकदा बसवा आणि तुमच्या मुलाला न सांगता ढकलू दे, बरोबर कळेल.

आता गणपतीपुळे. जायचंय तुम्ही, हे मी गृहीत धरूनच लिहितेय. कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा करत चार-पाच तास तरी जातील, तुम्ही पुढच्या सीटवर, लॉक सोडून, आणि तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाय मोकळा. यात कुणाचा खोळंबा होत नाही, चहाला थांबायला कुणाला नको असतं?

खरा प्रश्न बाथरूमचा असतो, आणि तो आपण बायका कुणालाच बोलत नाही. तुम्ही प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसाल, बरोबर ना? मी वीस वर्षं हेच केलं, मग युरिन इन्फेक्शन, मग अँटिबायोटिक, मग "प्रवास झेपत नाही हिला". प्रवास झेपत होता हो, उकिडवं बसणं झेपत नव्हतं. सर्जिकलच्या दुकानातच घडीचं कमोड स्टूल मिळतं, मध्ये भोक असलेलं, भारतीय भांड्यावर उभं करायचं आणि बसायचं. एका मोठ्या कापडी पिशवीत घाला, बाहेरून कुणाला कळत पण नाही. माझ्या मते व्हीलचेअरपेक्षा या स्टुलाने मला जास्त फिरवलंय. त्याच्या पायाला रबरी बुच नीट आहेत का तेवढं बघा, ओल्या फरशीवर तेच वाचवतात. काठी असेल तर तिचं बुच पण बघा, गुळगुळीत झालं असेल तर बदला.

हॉटेल बुक करताना "पायऱ्या आहेत का" असं विचारू नका. "नाही नाही मॅडम, काही पायऱ्या नाहीत" म्हणतात आणि गेल्यावर तीन असतात, कारण धडधाकट माणसाला तीन पायऱ्या या पायऱ्या वाटतच नाहीत. आकडा विचारा, गाडीपासून खोलीपर्यंत एकूण किती. बाथरूमच्या दाराला टेप लावून व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, खुर्ची बाहेरून २५-२६ इंच तरी असते आणि आपल्याकडे बाथरूमचं दार त्यापेक्षा लहान निघतं, मग खुर्ची दारापर्यंत आणि पुढे तुम्ही, तेव्हा आत धरायला काय आहे ते पण विचारा. टॉवेलची दांडी धरायची नाही, ती भिंतीतून निघून हातात येते. खोली समुद्राजवळची घ्या, तळमजल्याची, थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ देत, कारण मग दुपारी दमलात तर तुम्ही एकट्या खोलीवर येऊ शकता आणि बाकीच्यांना तुमच्यासाठी सगळं गुंडाळावं लागत नाही, आणि खोळंब्याची भीती अर्धी तिथेच संपते.

देवळात चपला काढायचा प्रश्न येणारच. माझं यावर मत ठाम आहे, कॅलिपरचा बूट ही चप्पल नाही, तो पाय आहे. तरी वाद घालत बसण्यापेक्षा मी शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतलीये नाडीवाली, बुटावर चढवायची आणि आत. शांतपणे दाखवून सांगितलं की बहुतेक ठिकाणी सोडतात. एका देवळात मात्र सिक्युरिटीवाला ऐकेना, म्हणाला बूट काढा नाहीतर बाहेर थांबा, मी बाहेर थांबले आणि आतला पुजारी प्रसाद घेऊन माझ्याकडे आला, अर्धा राग तिथेच गेला. खुर्ची आत जाते का, रॅम्प कुठल्या बाजूला, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि विचारताना "जरा ॲडजस्ट करा ना" असा सूर लावू नका, २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे आपल्या बाजूने. पुळ्याला डोंगरच गणपती मानतात म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, साधारण किलोमीटरभर. ती खुर्चीवर होईल की नाही ते मुलीला आधी एकदा चालून बघू दे, नाही झाली तर मुलगी तुमच्या वाटची घालेल.

आणि समुद्र! वाळूत व्हीलचेअर जात नाही असं सगळे सांगतील, आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत खरंच जात नाही, पुढची छोटी चाकं रुततात. तेवढा पट्टा खुर्ची उलटी करून मागे ओढत न्यायची, दोघांनी. एकदा ओल्या वाळूवर आलात की ती टणक असते, तिथे चाकं बरी चालतात. म्हणजे आपल्याला हवी ओहोटी, आणि ती सुद्धा संध्याकाळची. कोकणातले लोक काय करतात माहितीये का, तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, भरती सहाला. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आसपास आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. प्रतिपदेला अजून थोडी उशिरा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, तेव्हा पौर्णिमा किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ धरलीत तर ऊन उतरलेलं, पाणी लांब मागे गेलेलं आणि ओल्या वाळूचं भलंमोठं मैदान तुमच्यासाठी मोकळं. अमावास्येला पण तेच गणित. फक्त पुढे संकष्टीपर्यंत मुक्काम लांबवू नका, चतुर्थीला पुळ्याला पाय ठेवायला जागा नसते. बुकिंग करायच्या आधी जाऊबाईंना कालनिर्णय काढायला लावा. हा अंदाज आहे, तिथल्या माणसाला एकदा विचाराच.

पाण्यापाशी गेल्यावर कॅलिपर काढा. खारं पाणी आणि वाळू लॉकच्या सांध्यात गेली की ते करकरायला लागतं, चामडं कडक होतं, आणि परत आल्यावर दुरुस्तीला टाकून घरी बसायची पाळी. एक साधी प्लास्टिकची खुर्ची हॉटेलवाल्यांकडून मागून घ्या, ती ओल्या वाळूवर अशा जागी ठेवा की लाट येऊन फक्त पावलं भिजतील, त्याच्या पुढे एक फूट पण नाही. पुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाहीये, चांगले पोहणारे गेलेत तिथे. दोन्ही बाजूला एकेक माणूस उभं हवं, कारण लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते तशी खुर्चीच्या पायाखालची पण नेते आणि खुर्ची हळूच एका बाजूला बसते, पहिल्यांदा होतं तेव्हा किंचाळायला होतं. पाणी उजव्या पायाला पण लागू द्या. पोलिओचा पाय कायम गार असतो ना, मे महिन्यातलं संध्याकाळचं पाणी त्याला कोमट लागतं, माझ्या पायाला तरी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे कुठे किल्ल्याबिल्ल्यावर चढणार असतील तर तुम्ही चढू नका, पण गाडीत पण बसू नका. मिस्टरांना किंवा मुलाला घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीकडे या, अख्खा समुद्र वरून दिसतो आणि त्यासाठी सीटवरून उठावं पण लागत नाही. पुळ्याच्या शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा, ब्रिटिशांनी इथे आणून ठेवला आणि १९१६ ला इथेच गेला बिचारा. तिथे किती पायऱ्या वगैरे फोनवर विचारून घ्या. आणि कुठेही व्हीलचेअर काढायचा कंटाळा करू नका, "आता पाचच मिनिटांचं काम आहे, चालते मी" या पाच मिनिटांतच आपण पडतो.

राहिल्या जाऊबाई. त्या (किंवा नणंद, कुणीतरी असतंच) खुर्ची बघून म्हणणार, "अगंबाई, आता खुर्चीवर आलीस का गं?" त्याला उत्तर तयार ठेवा. मी सांगते, "हो ना, संध्याकाळी तुमच्याबरोबर बाजारात फिरायचंय म्हणून सकाळी पाय वाचवतेय." मग विषय बाजारावर जातो. दुकानदार तुम्हाला सोडून मुलीला विचारेल "यांना काय दाखवू", तेव्हा मुलीने गप्प बसायचं आणि तुम्ही बोलायचं, दोघींनी आधीच ठरवून ठेवा. लहान मुलं असतील तर ढकलायला भांडतील, एक पोरगं तरी "मला पण बसू दे" म्हणेल, बसू द्या.

मुलीला मात्र आजच फोन करा किंवा घरी असेल तर हाक मारा. ती का रडली ते तुम्हाला कळलंय असं मला पत्रावरून वाटत नाही. तिला वाटत असणार की जोतिबाला तुम्ही गाडीत बसला होतात तेव्हा ती देवळात उभी होती आणि तिचं लक्ष गाडीत होतं. माफी वगैरे नको, नुसतं म्हणा, "रविवारी मिरजेला जाऊ, खुर्ची बघू, आवडली नाही तर परत देऊ."

आणि गाडीत साध्या पाण्याचे दोन कॅन ठेवा. समुद्रावरून आल्यावर पाय नीट धुवून, बोटांच्या मधे पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावरच कॅलिपर चढवायचं, नाहीतर पट्ट्याखाली वाळू घासून सोलवटतं आणि दुसरा दिवस वाया जातो.